आमच्या कुळीचे तेरा भाग

१ जानेवारी १९७८, रविवार. आष्टा. सकाळी ०५३० तास.

नवं वर्ष, नवी वही, नवी शिस्त. फौजेत बावीस वर्षं स्टोअरचा हवालदार क्लार्क होतो. एक दिवस रजिस्टर कोरं ठेवलं नाही. मग स्वतःच्या आयुष्याचं रजिस्टर का कोरं राहावं?

संकल्प : पहाटे व्यायाम. तंबाखू बंद. 'रणझुंजार कुळी'चा दुसरा खंड जूनअखेर पूर्ण. दादासोला पुस्तकातली खरी गोष्ट सांगणे.

शेवटच्याची घाई नाही.

एवढं लिहितोय तोवर दादासो आलाच. रोज याच वेळी मळ्यातनं सायकलीवर दुधाची किटली घेऊन येतो आणि रस्त्यातनं ओरडतो, "लाला, उठलास का रं?" माणूस जागा असला तरी दचकतो. मी पन्नाशीचा गृहस्थ. माझं तीनशे बारा पानांचं पुस्तक सांगलीत छापून आलंय. आणि भर रस्त्यात 'लाला' आणि 'रं'! थोरला भाऊ झाला म्हणून काय झालं? चारचौघांत लालासाहेब म्हणत जा, असं एकदा स्पष्ट सांगायला हवं.

आज सांगितलं नाही. थंडी फार होती.

५ जानेवारी, गुरुवार. दुपारी.

आजचा दिवस अधोरेखित करावा असा. मुंबईच्या टीव्ही केंद्राचं कार्ड आलं. ऑक्टोबरात त्यांना 'रणझुंजार कुळी' रजिस्टर पोस्टानं पाठवली होती. कार्डावर छापलंय, "आपले पुस्तक पोचले. आभारी आहोत. निवड झाल्यास कळविण्यात येईल." खाली सही. शाईची.

सरकारी भाषा मला कळते, बावीस वर्षं तीच लिहिली. निवड होणार नसती तर आभार कशाला मानले असते?

सौ.ला कार्ड दाखवलं. विजयमाला वाचत राहिली, मग म्हणाली, "आवं, हे छापील हाय. सगळ्यास्नी असंच धाडत असत्याल." तिला साहित्यातलं कळत नाही. मात्र अक्षर सुरेख. सगळी कादंबरी तिनंच फेअर केली.

तंबाखू : दोनदा. आनंदाचा दिवस म्हणून.

८ जानेवारी, रविवार.

हिशेब केला. टीव्हीवर मालिका तेरा भागांची करतात असं ऐकलं. ३१२ भागिले १३, बरोबर २४. बाकी शून्य. याला योगायोग म्हणता येईल काय?

पण त्यातनंच एक अडचण निघाली. दर भागाला चोवीस पानं म्हटलं की पान त्रेचाळीस दुसऱ्या भागात येतं.

इथं लिहून ठेवतो, वही माझीच आहे. 'रणझुंजार कुळी' ही आमच्याच घराची चार पिढ्यांची कहाणी. नावं बदललीत. मूळ पुरुष साताऱ्याहून तलवार घेऊन येतो. आजोबा मेसोपोटेमियात तोफेवर चालून जातात. चौथ्या पिढीत दोन भाऊ. धाकटा मेजर विक्रमसिंह, म्हणजे ढोबळमानानं मी. थोरला भुजंगराव. हा आळशी, दारुडा. पान त्रेचाळीसवर तो आईवर हात उगारतो आणि मळा जुगारात घालवतो.

दादासोनं आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही. मळा त्यानंच राखला, आईचं शेवटचं सगळं त्यानंच केलं. मला ठाऊक आहे. पण कादंबरीला खलनायक लागतो. घरात दुसरं होतं कोण? वडील मी लहान असतानाच वारले, आई देवमाणूस. उरला दादासो. ही साहित्याची गरज आहे, त्यात वैयक्तिक काही नाही.

त्याला वाचता येत नाही हे एक बरं. दसऱ्याला हट्टानं एक प्रत मागून नेली आणि देव्हाऱ्यात ठेवली. रोज हळदकुंकू वाहतो. पूजेतलं पुस्तक कुणी उघडत नाही. ए-वन सिक्युरिटी. पण टीव्हीला वाचता यायची गरज नसते, हा पॉइंट माझ्या ध्यानात आला नव्हता.

सौ. त्या पानाची नक्कल करताना टाक खाली ठेवून बसली होती. म्हणाली होती, "थोरल्या भावजींनी काय वाईट केलं वो तुमचं?" मी म्हटलं, हे पात्र आहे. ती म्हणाली, पात्राच्या कपाळावर तुम्ही त्यांच्याच कपाळाचा वण घातलाय.

वण बदलायला हवा होता. राहून गेलं.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

दादासो तिळगूळ द्यायला आला. टीव्हीची बातमी त्याला कुणी सांगितली? मीच सांगितली. तोंडातनं निघून गेली. तो खळ्यातनं ओरडावं तसा ओरडला, "आमचं घर टीव्हीत?" मग हळूच विचारलं, "म्या पन हाय का रं त्यात?"

मी म्हटलं, आहेस.

तो दिवसभर गावात सांगत फिरला. व्यायाम उद्यापासून.

२८ जानेवारी, शनिवार.

साताऱ्याहून जोतीराम दाजींचं पत्र. हे आमच्या अंबूबाईचे, म्हणजे बहिणीचे, मालक. गेल्या वर्षी त्यांनी टीव्ही घेतला. सिंहगडावरनं येणारं चित्र पकडायला छपरावर तीस फुटी पाइप उभा केलाय. दाजी लिहितात : येत्या पाच तारखेपासून दर रविवारी संध्याकाळी खेड्यातल्या एका घराण्याची मालिका लागणार आहे. तेरा भाग. कादंबरीवरून घेतली आहे असं सांगितलं. कादंबरीचं नाव ऐकायच्या वेळी दूधवाला आला. तुमचीच असावी. तेरा भाग म्हणाले.

तेरा!

मला कळवलं कसं नाही? पोस्टात गहाळ झालं असणार. फौजेतही महत्त्वाचे कागद असेच गहाळ होत.

सौ. म्हणाली, एक पत्र टाकून विचारा की. मी म्हटलं, लेखकानं असं विचारत बसणं शोभत नाही.

प्लॅन : पहिल्या भागाला दादासोला न्यायचं. त्यात फक्त मूळ पुरुष आणि तलवार आहे. दुसऱ्या भागाच्या वेळी काहीतरी कारण काढायचं. मधल्या आठवड्यात निवांत बसून त्याला सगळं समजावून सांगायचं. फुलप्रूफ.

६ फेब्रुवारी, सोमवार. सातारा, दाजींचं घर. सकाळी.

कालचं लिहायला बसलोय. 

एस.टी.नं आम्ही अकरा माणसं आलो. दादासो लग्नातला फेटा बांधून. त्याची सून सुलाबाई बरोबर. मुलगा फौजेत, ही मॅट्रिक झालेली. साडेसातला सगळे टीव्हीसमोर बसलो. अंबूबाईनं टीव्हीला ओवाळलं.

आधी मुंग्या. पडदाभर मुंग्याच मुंग्या. दाजी छपरावर पाइप फिरवत ओरडत होते, "आलं का?" आम्ही खालनं, "न्हाई!" मग एक बैल दिसला. "आलं!" मग परत मुंग्या. नेमकं नाव आलं तेव्हा मुंग्या सर्वांत दाट.

मग चित्र लागलं. मी तलवारीची वाट बघत होतो. एक बाई भाकरी थापत होती. पाच मिनिटं थापत होती. माझ्या कादंबरीत भाकरी कुठंही नाही. मग नांगर, खळं, दोन पोरं, एक थोरला, एक धाकटा. पात्रांची नावं बदललेली, गाव बदललेलं, गोष्टही बदललेली. बाकी सगळं माझंच होतं.

निदान तेव्हा तसं वाटलं.

मग ओढा आला. ओढ्याला पूर. धाकट्याची शाळेची परीक्षा. थोरला धाकट्याला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरतो. पाणी छातीपर्यंत. धाकट्यानं पाटी वर धरलीय. दादासो उठून उभा राहिला, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. मागच्यांना काही दिसेना. तो म्हणाला, "लाला, ह्यो आपला वढा! तुझी चौथीची परीक्षा! तुला ध्यानात हाय व्हय रं? मला वाटलं, तू इसरलास."

आणि सगळ्यांदेखत माझ्या डोक्यावर हात ठेवून रडायला लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस.

मी म्हटलं, आहे ध्यानात.

हे कुणासाठी लिहीत नाही म्हणून लिहितो. मला ओढा आठवत होता, खांदा आठवत नव्हता. माझ्या कादंबरीत पान सत्तेचाळीसवर विक्रमसिंह दातात पाटी धरून एकटाच पोहून जातो. इतकी वर्षं मी ते तसंच सांगत आलो, मलाही तेच खरं वाटायला लागलं होतं. काल खांदा आठवला. माझी पाटी त्याच्या कपाळाला लागून रक्त आलं होतं. तो वण तिथलाच.

झोपताना सौ. हळूच म्हणाली, शेवटी मुंग्या गेल्या तेव्हा नाव आलं होतं. कादंबरी कुणा बाईंची आहे, विदर्भातल्या. मी वाचलं, पण चारचौघांत बोलले नाही.

म्हणजे चोरी! माझं पुस्तक बाईंच्या हाती कसं गेलं, याचा शोध घेतला पाहिजे.

७ फेब्रुवारी, मंगळवार. आष्टा.

केंद्राला कडक पत्र लिहायला घेतलं. "महोदय, आपण माझ्या कादंबरीतील तलवार काढून भाकरी घातली आहे..." इथं अडलो.

दादासोला खरं सांगायला मळ्यावर निघालो होतो. वाटेत चार माणसांनी थांबवून नमस्कार केला. दादासोनं गावभर सांगितलंय. एक जण तर म्हणाला, थोरल्या भावाचं ऋण असं फेडावं. अशा वेळी जाऊन सांगणं बरं दिसलं नसतं. परत आलो.

८ फेब्रुवारी, बुधवार. ०५४० तास.

संकट. दादासो किटली ठेवताना म्हणाला, "दर ऐतवारी साताऱ्याला कोन जातंय? फुडं काय हुतंय त्ये सुलाबाई पुस्तकातनं वाचून दावनार हाय. कालपास्नं सुरू केलंय. धा पानं झाली."

देव्हाऱ्यातलं पुस्तक काढलं! सिक्युरिटी गेली.

रोज पाच-सहा पानं धरली तर त्रेचाळीस नंबर मंगळवारी येतो. आज बुधवार. सहा दिवस हातात आहेत. सहा दिवसांत फौज पूल बांधते.

प्लॅन अ : पुस्तक ताब्यात घेणे. प्लॅन ब : नवं तिसरं प्रकरण लिहून जुन्या पानांवर डकवणे. प्लॅन क : सांगणे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार.

प्लॅन अ. मळ्यावर गेलो. म्हटलं, पुस्तक दे, छपाईच्या चुका दुरुस्त करतो. दादासो म्हणाला, वाचून झालं की परत देवापाशी ठेवतो, बिनअंघोळीचं हात लावायचं नाही. विहिरीवर अंघोळ केली. पाणी बर्फ. ओल्या पंच्यानिशी देव्हाऱ्यापुढं गेलो तर दादासो शेजारी हात जोडून उभा. माझ्याच पुस्तकाला मी फूल वाहिलं आणि परत आलो.

सर्दी झाली. आता विसावं पान.

१२ फेब्रुवारी, रविवार.

प्लॅन ब. आज दहा पानं लिहायची ठरवून बसलो. नवं प्रकरण, भुजंगराव सज्जन. लिहिलेला मजकूर : "भुजंगराव हा मनाने चांगला होता." त्याच्यापुढं काय लिहावं ते सुचेना. वाईट भुजंगराव दोन महिन्यांत लिहून झाला होता. चांगल्यासाठी दादासो रोज काय करतो ते आठवायला लागतं, आणि आठवायला लागलं की लिहवत नाही.

शिवाय वीज गेली. शिवाय नाक वाहतंय.

१३ फेब्रुवारी, सोमवार.

प्लॅन क. उद्या पहाटे तो दूध घेऊन येईल तेव्हा दारातच सांगायचं. वाक्य तयार : "दादा, पुस्तकातला थोरला तू नव्हेस. आणि टीव्हीवरचं पुस्तक माझं नव्हे." दोन वाक्यं. पाठ केली. सौ.पुढं म्हणून दाखवली. ती म्हणाली, एवढंच सांगा, हलकं व्हाल.

१४ फेब्रुवारी, मंगळवार.

त्यानं हाक मारली तेव्हा मी पांघरुणात होतो. सर्दीमुळं आवाज बसलेला. बसलेल्या आवाजात असली गोष्ट सांगू नये, समोरच्याचा गैरसमज होतो.

आज त्रेचाळीस.

१५ फेब्रुवारी, बुधवार. ०५३५ तास.

रात्रभर डोळा नाही. त्यानं हाक मारली. रोजच्यासारखीच. "लाला, उठलास का रं?" दार उघडलं. एका हातात किटली, दुसऱ्या हातात काकवीची बाटली. म्हणाला, "लय ग्वाड लिवलंयस गड्या. काल सुलाबाईनं आईचं वाचलं. थोरला आईचं पाय दाबतोय, त्ये. म्या आडवा झालो हुतो, उठून बसलो बघ."

मी बाटली हातात घेतली.

नंतर विचार केला. मी लिहिलेल्या शब्दांखाली प्रेम होतंच. अडाणी माणसाला ते बरोबर कळलं. याला म्हणतात साहित्याची ताकद. समीक्षकांना जे दिसलं नाही ते दादासोला दिसलं. (समीक्षण अजून कुठं आलेलं नाही.)

काकवी उत्तम आहे.

१९ फेब्रुवारी, रविवार.

सौ. बाजारातनं आली आणि म्हणाली, सुलाबाई भेटली होती. ती पोरगी त्रेचाळीस पानापासनं पुस्तकातलं वाचतच नाही. पुस्तक पुढ्यात धरते, पानं भराभर उलटते आणि मनानं सांगते. थोडं टीव्हीतलं, थोडं सासऱ्याच्याच तोंडून ऐकलेलं. म्हणाली, "काकी, आमच्या मामंजींच्या म्होरं मला त्ये वाचवंना."

माझ्या पुस्तकात परवानगीशिवाय बदल! दुसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत याचा निषेध करावा लागेल.

सौ. म्हणाली, परक्या घरनं आलेली पोर तुमची लाज झाकतीय. आता तरी जाऊन सांगा.

पण थंड डोक्यानं बघितलं तर उद्दिष्ट साध्य झालंय. दादासो खूश, सुलाबाई गप्प, पुस्तक महिनाअखेर संपेल आणि देव्हाऱ्यात परत जाईल. सांगायची आता गरजच काय?

२७ फेब्रुवारी, सोमवार.

पुस्तक वाचून संपलं. देव्हाऱ्यात गेलं. सुलाबाई बाळंतपणाला माहेरी, कवठे महांकाळला गेली. ऑल क्लिअर.

१ मार्च, बुधवार.

टीव्ही केंद्राकडून पार्सल. माझं पुस्तक परत. सोबत दोन ओळी : पुस्तकाचा आमच्याकडे उपयोग होण्यासारखा नाही, परत पाठवीत आहोत, शुभेच्छा. सभ्य पत्र आहे. पुस्तकाची पहिली बारा पानं जरा मळलेली, पुढची कोरी करकरीत.

त्यांनी बारा पानं वाचली हे निश्चित.

पार्सल कॉटखाली ठेवलं, उरलेल्या चारशे साठ प्रतींशेजारी. सौ.ला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही, नुसता चहा केला.

तंबाखू : मोजली नाही.

४ मार्च, शनिवार.

दादासोचा निरोप : मळ्यावर हेळवी आलाय, उद्या सकाळी ये, फेटा बांधून.

गुंडा हेळवी. कर्नाटकातनं येतो, चार-पाच वर्षांनी एकदा, बैलावर वह्यांचं ओझं घालून. आमच्या घरच्या सगळ्या पिढ्या त्याच्या वहीत आहेत. दारात उभा राहून सुरात म्हणतो, कोण कुठनं आला, कुणाला किती पोरं, कोण कशानं मेला. त्याला धान्य द्यायचं, धोतर द्यायचं, नवी नावं लिहून घ्यायची. त्याच्या बापानं लिहिलं, आज्यानं लिहिलं. वहीत एकदा चढलं की पुढच्या सात पिढ्या ऐकणार.

दादासोला माझं नाव चढवायचंय. "लालासाहेब. कादंबरी लिहिली. टीव्हीवर लागली."

हे जरा पुढं जातंय. पण विचार करता, टीव्हीवर एक कादंबरी लागली हे खरं आहे. मी एक कादंबरी लिहिली हेही खरं आहे.

फेट्याला इस्त्री केली.

५ मार्च, रविवार. संध्याकाळी.

लिहितो. सगळं लिहितो.

भावकी जमली होती. सौ. आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली. दादासोनं मला पुढं बसवलं. गुंडा हेळव्यानं वही उघडली आणि सूर लावला. मूळ पुरुष माण तालुक्यातनं दुष्काळात आला, बरोबर चाळीस शेरडं. तलवार कुठंही नाही. आजोबा मेसोपोटेमियात होते, खेचरांच्या पलटणीत, खेचरं हाकायला. भावकी मान डोलवत होती. मला वाटलं, दुरुस्ती सुचवावी. सुचवली नाही.

मग आमची पिढी आली. दादासो उठला, हात धुतले, देव्हाऱ्यातनं पुस्तक आणलं. हळदकुंकवानं कव्हर लालपिवळं झालेलं. म्हणाला, "गुंडाप्पा, माझ्या भावानं आमच्या घराचं पुस्तक लिवलंय. टीव्हीत लागलंय. लिवा."

हेळवी म्हणाला, "मालक, ऐकलेलं आमी लिवत न्हाई. वाचतो, मग लिवतो."

पुस्तकात एक वाळलेलं झेंडूचं फूल होतं, खूण म्हणून. सुलाबाईनं जिथं खरं वाचायचं सोडलं तिथं. हेळव्यानं बरोबर तिथंच उघडलं. मी उठलो. म्हटलं, ते पान नको, सुरुवातीचं बघा. पण हेळव्याला एकच आवाज येतो, वंशावळ म्हणायचा. दहा घरं ओलांडून जाणारा. त्या आवाजात, त्या चालीवर त्यानं सुरू केलं : "थोरला भुजंगराव, कपाळी वण, आळशी, दारुडा, आईवर हात उगारला, जुगारात मळा घालवला..."

दोन ओळींनंतर त्याच्याच ध्यानात आलं. थांबला. दादासोच्या कपाळाकडं बघितलं. म्हणाला, "थोरला म्हंजे..."

दादासो म्हणाला, "वाच."

त्यानं पान पुरं वाचलं. आता सूर नव्हता. भावकीतलं कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. पुरं झाल्यावर दादासोनं एवढंच विचारलं, "वढ्याचं कुटं हाय?"

हेळव्यानं पानं पुढं उलटली, सत्तेचाळीसावर आला. "विक्रमसिंहाने पुरात उडी घेतली. पाटी दातात धरून तो एकटाच पैलतीराला लागला."

"एकटाच?" दादासो म्हणाला.

हेळव्यानं परत बघितलं. म्हणाला, "व्हय. एकटाच लिवलंय."

दादासोनं पुस्तक हातात घेतलं. मला वाटलं फेकेल. फेकलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं धोतराच्या सोग्यानं वरचं हळदकुंकू पुसलं, नीट पुसलं, कडा-कोपऱ्यातलंसुद्धा, आणि माझ्यापुढं ठेवलं. देवाचं देवाला ठेवलं, माझं मला दिलं.

मग बसून हेळव्याला सांगायला लागला. "लिवा. दादासो. मळा राखला. लालासाहेब. फौजेत कारकून. पुस्तक लिवलं." हेळवी बोरू थांबवून म्हणाला, आणि टीव्ही? दादासो म्हणाला, "त्ये त्यास्नी इचारा."

त्यास्नी. मी इकडंतिकडं बघितलं, दुसरं कोण आलंय म्हणून. मलाच म्हणाला होता.

माझी दोन वाक्यं पाठ होती. त्यातलं एकच तोंडातनं निघालं. म्हटलं, "टीव्हीवरचं माझं नव्हतं." हेळव्यानं मान हलवली आणि पुढच्या ओळीवर गेला. इतकं सोपं होतं. महिनाभर का सांगितलं नाही, हे मला आता सांगता येणार नाही.

निघताना म्हटलं, दादा, मी ते पान बदलतो, नवीन छापतो. तो म्हणाला, "बदला की. पुस्तक तुमचं हाय."

घरी सौ.नं माझ्या हातातलं पुसलेलं पुस्तक बघितलं. मी बरंच रडलो.

६ मार्च, सोमवार. ०४५० तास.

लवकर उठलो. दार उघडून पायरीवर बसलोय, वही मांडीवर. दूध येईल की नाही ठाऊक नाही. आला तर आधी मीच बोलणार. ओढ्याचं बोलणार. पाटी त्याला कुठं लागली होती ते सांगणार.

०५३५ तास.

आला. लांबनं सायकल दिसली. मी उभा राहिलो. त्यानं ओरडून हाक मारली नाही. पायरीपाशी आला, किटली खाली ठेवली आणि म्हणाला, "लालासाहेब, दूध ठेवलंय. घ्या."

सायकल वळवून गेला. मी हाक मारेपर्यंत कोपऱ्यावर पोचला होता.

सौ.नं दूध पातेल्यात ओतलं. रोजच्याएवढंच भरलं.